विंडोजसोबत येणारी दुरुस्तीची हत्यारं: दोन आजारी संगणकांवर वापरून झाल्यावर

मी घरून पुस्तकांची पानं लावते. दिवसाचे आठ-नऊ तास एकाच लॅपटॉपसमोर जातात, त्यामुळे तो अडला की माझं कामही तिथल्या तिथे अडतं. मध्यंतरी माझा लॅपटॉप आणि धाकट्या भावाचा डेस्कटॉप पाठोपाठ आजारी पडले. दोघांचं रडगाणं एकच. अपडेट बसत नाही आणि यंत्र रांगतं. त्या निमित्ताने विंडोज ११ च्या पोटात आधीपासून असलेली दुरुस्तीची जवळजवळ सगळी हत्यारं वापरून झाली. हे त्यांचं परीक्षण.

सुरुवात मात्र मी बाहेरच्या औषधाने केली होती. ‘रजिस्ट्री साफ करा, संगणक पळवा’ असं सांगणारा एक क्लीनर उतरवला. रजिस्ट्री म्हणजे विंडोजच्या आणि प्रोग्रॅमांच्या सेटिंग्जची नोंदवही. त्याने शेकडो चुका शोधल्या, मी त्या सगळ्या पुसल्या, आणि लॅपटॉप होता तिथेच राहिला. उलट तो क्लीनरच संगणक सुरू होताना स्वतःहून चालू होऊ लागला. नंतर कळलं, की रजिस्ट्रीतल्या जुन्या नोंदी पुसल्याने वेगात जाणवण्यासारखा फरक पडत नाही, आणि चुकीची नोंद गेली तर चालणारा प्रोग्रॅम बंद पडतो. चार दिवस त्यात गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हे आधी सांगितलं.

आता टास्क मॅनेजर. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की उघडतो. बहुतेक जण अडकलेला प्रोग्रॅम मारण्यापुरताच तो उघडतात. मीही वर्षानुवर्षं तेवढंच केलं. त्याचा खरा उपयोग ‘परफॉर्मन्स’ या पानावर आहे. संगणक मंद वाटतो म्हणजे चारपैकी कोणाचा तरी दम लागलेला असतो: प्रोसेसर, मेमरी, डिस्क किंवा नेटवर्क. कोणाचा, ते हे पान दोन मिनिटांत दाखवतं. माझ्या लॅपटॉपवर प्रोसेसर ८ टक्के, मेमरी निम्मी रिकामी आणि डिस्क १०० टक्के. लॅपटॉप २०१९ चा, ८ जीबी मेमरी, आत १ टीबीची जुन्या पद्धतीची फिरती डिस्क. मेमरी वाढवून घ्यावी असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. हे पान पाहिलं नसतं तर ती घेतलीही असती, आणि काडीचा फरक पडला नसता.

डिस्क १०० टक्के दिसली म्हणून लगेच घाबरू नका. अपडेटनंतरचा पहिला तास-दोन तास तसं होणारच. ‘विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर’ मागे राहिलेली आवराआवर करत असतो, ‘अँटिमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’ फाइली तपासत असतो, शोधाची अनुक्रमणिका नव्याने बनत असते. हे प्रोसेस मारून टाकायचा सल्ला सर्रास दिला जातो आणि मला तो अजिबात पटत नाही. चार्जर लावून यंत्राला तासभर एकटं सोडावं, ते आपोआप शांत होतं. माझं मात्र तिसऱ्या दिवशीही शांत झालं नव्हतं, आणि यादीत पाहिलं तर कोणताच प्रोग्रॅम फारसं काही लिहीत-वाचत नव्हता. डिस्क भरून वाहतेय, पण काम कोणीच करत नाही! हे मला पहिल्यांदा खटकलं.

इथे रिसोर्स मॉनिटर कामी आला. टास्क मॅनेजरचा हा मोठा भाऊ फारसा कोणाला माहीत नाही. शोधपट्टीत ‘रेसमॉन’ लिहिलं की सापडतो. त्याच्या ‘डिस्क’ पानावर प्रत्येक फाइलपुढे प्रतिसादाचा वेळ मिलिसेकंदांत असतो. धडधाकट फिरती डिस्क साधारण १० ते २० मिलिसेकंदांत उत्तर देते, एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली चिपवरची डिस्क, त्याहून कितीतरी लवकर. माझ्याकडे आकडे ९०० च्या पुढे जात होते, मधूनच २,००० च्या वर. म्हणजे डिस्कवर कामाचा बोजा नव्हताच. एकेक मागणी पुरी करताना तिचाच जीव जात होता. दिसायला हा मॉनिटर रूक्ष आहे, आकड्यांची नुसती गर्दी. पण मंद संगणकाचं निदान करायला एकच खिडकी उघडायची मुभा मिळाली तर मी हीच उघडेन.

अपडेटची कथा वेगळीच आहे असं मी तोवर धरून चालले होते. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुरक्षेची सुधारणा येते. ही पद्धत २००३ पासूनची आहे. माझ्याकडे ती उतरायची, बसायला लागायची, रिस्टार्ट व्हायची आणि मग ‘बदल मागे घेत आहोत’. तीन महिने हेच. या मासिक अपडेटमध्ये मागच्या महिन्यांचं सगळं सामावलेलं असतं, म्हणून एखादं चुकलं तर पुढचं बसवून भरपाई होते. लागोपाठ चुकत गेली की मात्र दार उघडं राहतं. पानं लावायला लेखकांच्या फाइली माझ्याकडे रोज ईमेलने येतात. दार उघडं ठेवून चालणार नव्हतं.

सेटिंग्जमधला अपडेट ट्रबलशूटर मी पहिल्यांदा चालवला. त्याचा आवाका मर्यादित आहे: अपडेटच्या सेवा थांबवून पुन्हा सुरू करणं, उतरवलेल्या अर्धवट फाइली बाजूला करणं, एवढंच. उतरतानाच अडकलेल्या अपडेटला त्याने फरक पडतो. हेच काम हाताने करायचं तर ‘सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्युशन’ या फोल्डरचं नाव बदलतात. आधी अपडेटची आणि बिट्सची (मागच्या मागे फाइली उतरवणारी) सेवा थांबवायची, नाव बदलायचं, सेवा पुन्हा सुरू करायच्या. विंडोज नवा फोल्डर स्वतः बनवून घेतं. अपडेटचा इतिहास त्यामुळे कोरा दिसतो, त्याने दचकू नका, बसलेली अपडेट्स कुठे जात नाहीत. माझ्या दुखण्याला हे पुरेसं नव्हतं. बिघाड उतरण्यात नव्हता, बसण्यात होता.

कारण त्रुटीच्या क्रमांकातच लिहिलेलं होतं, आणि तो वाचायला शिकणं ही या सगळ्या खटाटोपातली माझी मोठी कमाई. ०एक्स८००७३७१२. असा आकडा बघून आपण तो सर्चमध्ये टाकतो आणि दहा ठिकाणचे दहा सल्ले घेऊन बसतो. त्याऐवजी आधी त्याची फोड करा. मधलं ‘८००७’ म्हणजे ही विंडोजची सर्वसाधारण त्रुटी आहे. शेवटची चार चिन्हं हा खरा क्रमांक, फक्त सोळाच्या पायावर लिहिलेला. विंडोजचं कॅल्क्युलेटर ‘प्रोग्रॅमर’ रूपात उघडा, हेक्समध्ये ३७१२ टाका, दशमानात १४०९८ मिळतात. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत, ‘नेट हेल्पएमएसजी १४०९८’ लिहा. उत्तर येतं: घटकांचं भांडार बिघडलं आहे. भांडार म्हणजे विंडोज स्वतःच्या सिस्टिम फाइलींच्या प्रती जिथे राखून ठेवतं तो फोल्डर. ०एक्स८००७००७० असेल तर शेवटचे ७० म्हणजे ११२, आणि ११२ म्हणजे डिस्कवर जागा नाही. शेवटी ०००५ असेल तर परवानगी नाकारली. ‘८०२४’ ने सुरू होणारे क्रमांक मात्र अपडेटच्या यंत्रणेचे स्वतःचे आहेत, त्यांना ही युक्ती लागू होत नाही.

आकडा नेहमीच पूर्ण सत्य सांगतो असंही नाही. जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० चं केबी५०३४४४१ हे अपडेट असंख्य संगणकांवर ०एक्स८००७०६४३ देऊन पडत होतं. त्याचा शब्दशः अर्थ ‘बसवताना गंभीर त्रुटी’. मूळ कारण होतं रिकव्हरीचं छोटं पार्टिशन, म्हणजे डिस्कवर दुरुस्तीसाठी वेगळा राखलेला भाग: त्यात आणखी २५० एमबी मोकळी जागा हवी होती आणि ती नव्हती. पाचशे जीबी मोकळी असलेला माणूस त्या आकड्यावरून हे कसं ओळखणार? म्हणून क्रमांकाला पहिला धागा समजावं, निकाल समजू नये.

भांडार बिघडलं म्हटल्यावर डिस्म आणि एसएफसी ही जोडी आली. दोन्ही टाइप करून चालवायच्या आज्ञा: डिस्म भांडार दुरुस्त करतं, एसएफसी चालू सिस्टिम फाइली. सल्ल्यांमध्ये पहिलं नाव एसएफसीचं घेतात, पण क्रम उलटा ठेवावा. एसएफसी बिघडलेल्या सिस्टिम फाइलीच्या जागी भांडारातली चांगली प्रत ठेवतं. भांडारच नासलं असेल तर ते चांगली प्रत आणणार कुठून? म्हणून आधी ‘डिस्म स्लॅश ऑनलाइन स्लॅश क्लीनअप-इमेज स्लॅश रिस्टोअरहेल्थ’, मग ‘एसएफसी स्लॅश स्कॅननाऊ’. दोन्ही ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या खिडकीत. डिस्म एखाद्या टक्क्यावर बराच वेळ खिळून बसतं, तेव्हा हात बांधून बसायचं. चांगल्या फाइली ते अपडेटच्या सर्व्हरवरून आणतं, तेव्हा इंटरनेट चालू हवं.

माझ्याकडे डिस्म यशस्वी झालं. एसएफसीने ‘बिघडलेल्या फाइली सापडल्या आणि दुरुस्त केल्या’ असं सांगितलं. त्या महिन्याचं अपडेट बसलं, मी सुटकेचा श्वास टाकला आणि एका कवितासंग्रहाच्या कामाला लागले. पुढच्या महिन्यात अपडेट पुन्हा पडलं. तोच क्रमांक. दुरुस्त केलेलं भांडार महिन्याभरात परत कसं बिघडतं, हा प्रश्न मी तेव्हाच विचारायला हवा होता.

त्याचं उत्तर रिलायबिलिटी मॉनिटरने दिलं, आणि या परीक्षणात पैकीच्या पैकी गुण मी त्यालाच देते. विंडोज व्हिस्टापासून तो आहे, तरी भेटलेल्या दहा माणसांतल्या नऊ जणांनी त्याचं नाव ऐकलेलं नसतं. शोधपट्टीत ‘रिलायबिलिटी’ लिहा. दिवसवार एक आलेख येतो, १ ते १० मधला स्थैर्याचा अंक, आणि त्याखाली त्या-त्या दिवशी काय कोसळलं, कोणतं अपडेट बसलं, कोणतं फसलं. डॉक्टरकडे न्यायचा रोजनिशीचा कागदच म्हणा ना. माझ्या आलेखात लाल फुल्या एका आठवड्यापासून दाट होत गेल्या होत्या, आणि त्या आठवड्यात मी नवं काहीच बसवलेलं नव्हतं. अपडेट पहिल्यांदा पडलं ते त्यानंतर. म्हणजे अपडेटमुळे संगणक बिघडला हा माझा समज उलटा होता.

त्या तारखा घेऊन मी इव्हेंट व्ह्यूअरच्या, म्हणजे विंडोज घडामोडी टिपून ठेवतं त्या वहीच्या, ‘सिस्टिम’ नोंदींत गेले. स्रोत ‘डिस्क’, क्रमांक ७: डिस्कवर खराब ब्लॉक आहे. एक नाही, ओळीने कित्येक. मध्येमध्ये क्रमांक १५३, म्हणजे वाचण्याचा प्रयत्न पुन्हा करावा लागला. डिस्क मरत होती. तिच्यामुळेच संगणक रांगत होता, तिच्यामुळेच भांडारातल्या फाइली नासत होत्या आणि तिच्यामुळेच अपडेट पडत होतं. दोन तक्रारी, आजार एकच. आणि मी त्या मरणाऱ्या डिस्कवर डिस्म आणि एसएफसी पुन्हा पुन्हा फिरवून तिला आणखी दमवत होते.

इथे एक कमतरता नोंदवायलाच हवी. विंडोज ११ च्या सेटिंग्जमध्ये डिस्कचं आरोग्य टक्क्यांत दिसतं, पण ते एनव्हीएमई जातीच्या एसएसडीपुरतंच. जुन्या फिरत्या डिस्क ज्यांच्याकडे आहेत, ज्यांना या माहितीची गरज सगळ्यात जास्त आहे, त्यांना तिथे काही दिसत नाही. पॉवरशेल या आज्ञांच्या दुसऱ्या खिडकीतला ‘गेट-फिजिकलडिस्क’ माझ्या डिस्कला शेवटपर्यंत ‘हेल्दी’ म्हणत होता. त्याच्यावर विसंबू नका, इव्हेंट व्ह्यूअरवर विसंबा. आणि अशी डिस्क सापडली तर ‘चेकडिस्क स्लॅश आर’ चालवायच्या आधी फाइली बाहेर काढा. तो एकेक सेक्टर वाचत तासन् तास चालतो, आणि थकलेली डिस्क त्यातच शेवटचे आचके देऊ शकते.

मी एसएसडी घातली. जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत करायचा मोह झाला होता, पण नासलेलं भांडार नव्या घरात कशाला न्यायचं? ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मीडिया क्रिएशन टूलने विंडोज घेतलं आणि कोरं बसवलं. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर असं काही करण्याआधी ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. यंत्राचं फर्मवेअर, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणारा मूळ प्रोग्रॅम, अद्ययावत करतानाही ती विचारली जाऊ शकते, आणि त्या क्षणी ती त्याच बंद संगणकात असून उपयोग नाही.

आता भावाचा डेस्कटॉप. “ताई, रोज रात्री बंद करतो गं, तरी सकाळी तसाच जड,” हे त्याचं पालुपद. मी टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरच्या पानावर ‘अप टाइम’ पाहिला: ४१ दिवस. तो मला खोटं सांगत नव्हता. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे. त्यात ‘शट डाउन’ केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, त्याची स्थिती डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत उचलली जाते. नव्याने सुरुवात होते ती ‘रिस्टार्ट’ केल्यावरच. त्याला रिस्टार्ट करायला लावलं आणि अर्धं जडपण तिथेच उतरलं. शिफ्ट दाबून शट डाउन केलं तरी पूर्ण बंद होतं. एसएसडी असलेल्या यंत्रावर ही सोय मी सरळ बंद करते. सुरू व्हायला काही सेकंद जास्त लागतात, पण बंद म्हणजे बंद. उरलेलं जडपण ‘स्टार्टअप ॲप्स’ या पानावर होतं: १७ प्रोग्रॅम, त्यातले १२ त्याने वर्षभरात उघडलेही नव्हते.

त्याचं अपडेट आधी जागेअभावी अडलं होतं, तेच शेवटी ७० असलेलं. सेटिंग्जमधलं ‘स्टोरेज’ या कामाला चांगलं आहे. ‘टेंपररी फाइल्स’ मध्ये अपडेटची जुनी शिल्लक आणि मागच्या विंडोजची प्रत असते, ती काढली की भरपूर जागा होते. ती प्रत गेली की जुन्या आवृत्तीवर परतता येत नाही. तशीही ती मुभा नेहमीच्या मांडणीत १० दिवसांचीच असते. पण त्याच यादीत ‘डाउनलोड्स’ असंही एक खूण करायचं घर आहे. सगळ्या खुणा भराभर करत गेलात तर स्वतःच्या उतरवलेल्या फाइलीही जातील. ही ओळ त्या यादीत असूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. आणि ‘विनएसएक्सएस’ फोल्डर कितीही फुगलेला दिसला तरी हाताने पुसू नका, ते भांडार हेच.

जागा झाली, तरी अपडेट बसेना. या वेळी डिस्मच पडलं: ०एक्स८००एफ०८१एफ, म्हणजे दुरुस्तीसाठी लागणाऱ्या मूळ फाइली सापडत नाहीत. इव्हेंट व्ह्यूअर आधी तपासला, डिस्क ठणठणीत होती. मग सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी आणि तिथलं ‘फिक्स प्रॉब्लेम्स यूझिंग विंडोज अपडेट’ याच्यासमोरचं ‘रीइन्स्टॉल नाऊ’. चालू आहे तीच आवृत्ती पुन्हा उतरते आणि जागच्या जागी नव्याने बसते. प्रोग्रॅम, फाइली, सेटिंग्ज राहतात. बटण दाबताना माझा हात थरथरला होता. भाऊ त्याच्या हिशेबांच्या फाइली पुन्हा पुन्हा मोजत होता. दीड तासाने सगळं जागेवर होतं आणि अडलेलं अपडेटही बसलं. विंडोज ११ च्या २२एच२ आवृत्तीपासून, २०२४ पासून हे बटण आहे. पूर्वी यासाठी विंडोजची आयएसओ, म्हणजे बसवण्याचं सगळं सामान असलेली एकच मोठी फाइल, उतरवून त्यातलं सेटअप चालवावं लागे. विंडोज १० वर अजूनही तोच मार्ग आहे. अर्थात विंडोज १० चं नेहमीचं समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं आहे. तिथे अपडेट येत नसेल तर मुदतवाढीच्या योजनेत नोंद झाली आहे का, हे आधी पाहा.

सिस्टिम रिस्टोअरबद्दल थोडक्यात: उपयोगी आहे, पण पुष्कळ यंत्रांवर ते चालूच नसतं आणि गरज पडते तेव्हाच हे लक्षात येतं. आज उघडून पाहा. यंत्र सुरूच होत नसेल तर सुरू होण्याचे प्रयत्न दोन-तीनदा फसल्यावर दुरुस्तीचा निळा पडदा आपोआप येतो. त्यात ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ आहे, शेवटचं अपडेट तिथून काढता येतं. मला ती वेळ आली नाही.

माझ्या लॅपटॉपवर आता डिस्कचा प्रतिसाद बहुतेक वेळ १ मिलिसेकंदाच्या आसपास असतो. मागची तिन्ही मासिक अपडेट्स पहिल्या फटक्यात बसली. जुन्या डिस्कवरून जवळजवळ सगळं काम परत मिळालं. एका कादंबरीच्या दोन प्रकरणांच्या फाइली मात्र खराब ब्लॉकांवर होत्या, त्या उघडल्या नाहीत. त्यांची मुद्रितं माझ्याकडे कागदावर होती. त्यावरून ५४ पानं मी पुन्हा लावते आहे, आज चाळीसाव्यावर आहे.